थांबल्याचं भाडं कोण देणार?

जहाज बंदरात ठरल्यापेक्षा जास्त दिवस अडकलं की डॅमरेज लागतं. मालगाडीची वाघीण वेळेत रिकामी केली नाही तर रेल्वे तासांच्या हिशेबानं पैसे लावते. आयातदारानं कंटेनर मुदतीत परत दिला नाही तर शिपिंग कंपनी डिटेन्शनचं बिल पाठवते, आणि मग फोनवर कितीही विनवण्या केल्या तरी फारसा उपयोग होत नाही. म्हणजे लोखंडी पेटीलासुद्धा थांबण्याचं भाडं आहे. भिवंडीच्या गोदामातून साकीनाक्याच्या गाळ्यावर माल घेऊन आलेला टेम्पोवाला मात्र दुपारभर बाहेर उभा राहिला तरी त्याच्या वाट्याला एवढंच येतं, ‘थांब जरा, शेठ जेवायला गेलेत.’

मालवाहतुकीच्या संगणकीकरणात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. १९८६ साली सहारच्या एअर कार्गो संकुलाजवळ एका क्लिअरिंग एजंटकडे टायपिस्ट म्हणून लागले आणि दोन वर्षांपूर्वी मरोळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून निवृत्त झाले. गोदामांच्या प्रणाली बसवणारा विभाग माझ्याकडे होता. माझ्या सासूबाई मात्र शेवटपर्यंत शेजारणींना ‘सून ट्रकच्या कंपनीत आहे’ असंच सांगायच्या. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर जे काही लिहिलेलं असायचं, त्यापेक्षा हे वर्णन सोपं होतं आणि खोटंही नव्हतं.

एवढ्या वर्षांत आम्ही काय केलं? माल कुठे आहे, हे कळायला लागणारा वेळ कमी केला. पूर्वी दिल्लीहून निघालेल्या ट्रकची चौकशी करायला ट्रान्सपोर्टवाल्याच्या पेढीवर माणूस पाठवावा लागे. तिथला मुनीम बिल्टी बघून सांगे, ‘मनोरला आलाय, उद्या मिळेल.’ त्या काळात हरवलेले सगळे ट्रक मनोरलाच असायचे. सहारला आम्ही बिल ऑफ एन्ट्री कार्बन लावून टाइप करायचो आणि एका आकड्यासाठी अख्खा संच पुन्हा मारायचो. १९९५ मध्ये कस्टम्सनं दिल्लीत कागदपत्रं संगणकावर घ्यायला सुरुवात केली आणि हळूहळू ते लोण आमच्यापर्यंत आलं. मग फॉक्सप्रोमधले गोदामाचे प्रोग्रॅम, मग बारकोड. बिस्किटाच्या पुड्यावर ८९० नं सुरू होणारा जो आकडा असतो, तो भारतात नोंदवलेला क्रमांक. हे क्रमांक देणारी संस्था आपल्याकडे १९९६ मध्ये उभी राहिली. गोदामात बारकोड वाचायचं यंत्र आलं तेव्हा कामगारांनी त्याचं नाव ‘गन’ ठेवलं. पहिल्याच दिवशी मुकादम मला म्हणाले, ‘ताई, आता पोरं दिवसभर गोळ्याच मारणार.’

तर मालाची नोंद अशी बारीक होत गेली. माल आला, थप्पीला लागला, थप्पीवरून उतरला, गाडीत भरला, प्रत्येक पायरीला सेकंदापर्यंतची वेळ. त्या मालाबरोबर आलेला माणूस किती वेळ उभा होता, हा रकाना आमच्या एकाही प्रणालीत धड टिकला नाही. तो तांत्रिक अडचणीमुळे टिकला नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

मानकोलीजवळच्या एका मोठ्या गोदामात आम्ही प्रणाली बसवली होती. मोबाइल सर्वांच्या हातात आला होता, स्मार्टफोन यायचा होता. घरोघरी लागणाऱ्या वस्तू बनवणारी एक नावाजलेली कंपनी तिथली भाडेकरू. आम्ही ‘गेट-इन’ नावाचा रकाना ठेवला. गाडी आत आल्यापासून माल उतरवून बाहेर पडेपर्यंतचा वेळ रोजच्या अहवालात दिसे. पहिल्या महिन्यात तो इतका वाईट निघाला की मुख्यालयातून तंबी आली. दुसऱ्या महिन्यात आकडा एकदम झकास. गोदामाच्या साहेबांनी पेढे मागवले. संध्याकाळी मी परत निघाले, तर नाशिक महामार्गाच्या कडेला त्याच गोदामाचे ट्रक ओळीनं उभे. युक्ती सोपी होती. फलाट मोकळा होईपर्यंत गाडीला फाटकाच्या आत घ्यायचंच नाही. फाटकाबाहेर घड्याळ नव्हतं, म्हणून बाहेरचा वेळही नव्हता. सुरक्षारक्षकानं रस्त्यावरच टोकन द्यावं आणि तिथून वेळ मोजावी, असं मी सुचवलं. उत्तर मिळालं, ‘मॅडम, तो डेटा आम्हाला नकोय.’ इतकं सरळ उत्तर मला कुठल्याच बैठकीत मिळालं नव्हतं.

त्या साहेबांना दुष्ट ठरवायची माझी इच्छा नाही. त्यांच्या जागी कुणीही हिशेबी माणूस तेच करील. उतराईला हमालांची एकच टोळी ठेवली तर कंपनीचे पैसे वाचतात. तीन टोळ्या ठेवल्या तर गाड्या लवकर सुटतील, पण त्यातून वाचणारा वेळ गाडीवाल्याचा. दुसऱ्याचा वेळ वाचवायला आपल्या खिशातून पैसे कोण काढणार? थांबवणाऱ्याला थांबवणं फुकट आहे, म्हणून रांग आहे. यावर सॉफ्टवेअरचा उपाय नाही, आणि हे मी ते विकून पोट भरलेली बाई सांगते आहे.

ज्यांनी थांबण्याचा हिशेब मनावर घेतला त्यांनी जग बदललं. अमेरिकेतले माल्कम मॅक्लीन हे ट्रक चालवणारे, पुढे ट्रक कंपनीचे मालक. १९३७ मध्ये कापसाच्या गाठी घेऊन न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या धक्क्यावर दिवसभर ताटकळत असताना अख्खा ट्रकच जहाजात चढवावा ही कल्पना सुचली, असं ते सांगत. गोष्ट खरी असेल किंवा नंतर रचलेली असेल. २६ एप्रिल १९५६ ला त्यांचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर घेऊन निघालं, हे मात्र पक्कं. सुटा माल जहाजात चढवायला टनामागे जवळपास ६ डॉलर लागत, तो खर्च १६ सेंटांवर आला. कंटेनरनं जहाजाचं थांबणं बरंचसं संपवलं. ट्रकवाल्याचं संपवलं का? न्हावा-शेव्याला कंटेनर घेऊन जाणाऱ्या कुठल्याही चालकाला विचारून बघा.

मुलुंडकरांना रांग म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. मुंबईत जकात होती तोवर मुलुंडच्या नाक्यावर ट्रक असे उभे असत की एलबीएस मार्गाची एक कड त्यांच्याच मालकीची वाटे. ट्रकच्या खाली स्टोव्ह पेटलेला, क्लीनर पोरगा डाल्याला दोरी बांधून बनियन वाळत घालतोय, शेजारी एजंटाची टपरी, झेरॉक्स, चहा, पुन्हा एजंट. दहिसर, ऐरोली, मानखुर्द, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. पालिकेचं ते सर्वांत मोठं उत्पन्न होतं. राज्य सरकारनं भरपाईचा पहिला हप्ता दिला तो एका महिन्याचा, ६४७ कोटी रुपयांचा. त्यावरून रांगेची लांबी ओळखावी.

भिवंडीची गोदामं बऱ्याच अंशी त्या जकातीची लेकरं आहेत. मुंबईच्या हद्दीत माल आणला की जकात भरा, आणि उद्या तोच माल पुण्याला पाठवायचा झाला तर परताव्यासाठी खेटे घाला. त्यापेक्षा माल हद्दीबाहेर ठेवावा आणि लागेल तेवढाच आत आणावा. काल्हेर, पूर्णा, दापोडे, राहनाळ, वळ, मानकोली या गावांच्या भातखाचरांवर पत्र्याची छपरं उभी राहिली ती अशी. जकात गेली तरी गोदामं मुंबईत परतली नाहीत, कारण तोवर इथे जागाच उरली नव्हती. एलबीएस मार्गावर जिथे कारखान्यांचे भोंगे वाजत, तिथे टॉवर झाले. त्यामुळे आज मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या घरातला साबण, फॅन, डायपर, सगळं माजिवड्याहून नाहीतर घोडबंदरवरून टेम्पोत बसून येतं.

आणि रांग? ती फक्त विखुरली. नाक्यावरची रांग दिसायची, तिचे फोटो वर्तमानपत्रात यायचे, आमदार प्रश्न विचारायचे. आता एक गाडी गोदामाच्या फाटकाबाहेर, एक मरोळच्या गल्लीत, दोन असल्फ्याच्या चढावर, एक मॉलच्या मागच्या दाराशी. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत जड वाहनांना शहरात बंदी असते, ती योग्यच आहे. पण त्या वेळात गाडीनं उभं कुठे राहायचं, हे कुणी सांगत नाही. गाडी कडेला घेतली की चलान.

कायद्याचं घड्याळही गाडीवाल्याच्याच डोक्यावर. एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आलं. साधारण मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत आहे. आधी ती दर १०० किलोमीटरला एक दिवस होती, २०२१ च्या सुरुवातीला कडक केली. गाडी पळते आहे असं गृहीत धरून बांधलेला हा हिशेब. ती कुणाच्या दारात अडकली तर बिलाची मुदत थांबत नाही. वाढवून घेता येते, पण त्यासाठी धावपळ वाहतूकदारानं करायची, आणि मुदत संपलेल्या बिलावर गाडी पकडली तर रस्त्यावर अडकतो तो चालक. ज्याच्या गोदामानं त्याला दोन रात्री उभं केलं, त्याचं नाव त्या कागदावर माल घेणारा म्हणून छापलेलं असतं, तेवढंच.

आमच्या धंद्यातल्या प्रत्येक परिषदेत एक वाक्य ठरलेलं असायचं, की भारतात मालवाहतुकीचा खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे, परदेशात आठ. तो आकडा नेमका कुणी काढला, हे विचारलं की सादरीकरणाची पुढची स्लाइड यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं एनसीएईआर या संस्थेकडून नीट अभ्यास करून घेतलेला आकडा जाहीर केला. २०२३-२४ साठी ७.९७ टक्के. मोजणी सुधारली, चांगलं झालं. पण ज्याची पावतीच फाटत नाही, ते थांबणं या टक्क्यांत यायचं कसं?

आता नवी मुलं. दहा मिनिटांत दूध आणून देणाऱ्या अॅपनी उपनगरांत गल्लोगल्ली छोटी गोदामं उघडली. तंत्र म्हणून मला त्याचं कौतुक आहे. कुठल्या कपाटात मीठ ठेवलं तर माणूस चार पावलं कमी चालतो, इथवरचा विचार त्यात आहे. आम्ही वर्षानुवर्षं कंपन्यांना हेच पटवत होतो. पण पिशवी घेऊन निघालेला मुलगा टॉवरच्या फाटकाशी आला की गाडं अडतं. वहीत नाव, अॅपवर घरमालकाची परवानगी, मग सर्व्हिस लिफ्ट, आणि ती बहुतेक विसाव्या मजल्यावर कुणाचं तरी कपाट उतरवत असते. हा वेळ कुणाच्या खात्यात? पैसे ऑर्डरवर मिळतात, तेव्हा त्याच्याच. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत डिलिव्हरीवाल्यांनी रहिवाशांची लिफ्ट वापरावी का, यावर पाऊण तास वाद झाला. तेवढ्या वेळात गेटवर किती जण खोळंबले असतील, हा मुद्दा इतिवृत्तात नाही.

अशा ‘गिग’ कामगारांची संख्या नीती आयोगानं २०२०-२१ साठी ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला होता. हा माणूस सकाळी एका अॅपचा, दुपारी दुसऱ्याचा. मालक अनेक आणि जबाबदार कुणीच नाही. हा प्रश्न नवा आहे, असं आम्हा तंत्रज्ञानवाल्यांना वाटतं, कारण आम्हाला आमच्याच राज्याचा इतिहास ठाऊक नसतो.

मशीद बंदरच्या हमालाची अवस्था हुबेहूब हीच होती. पाठीवरचं पोतं या पेढीचं, पुढचं त्या पेढीचं, आजारी पडला तर कुणाचाच नाही. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. प्रणाली बांधणारी बाई म्हणून मला त्याची रचना फार हुशारीची वाटते. कामगार आणि मालक दोघांची नोंद एका मंडळाकडे. मालकानं मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं कामगाराला पगार द्यायचा, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. मालक कितीही बदलोत, माणसाचं खातं एकच. कागदावर चालणारा हा डेटाबेस होता, आणि तो संगणक येण्यापूर्वी आपल्या लोकांनी बांधला.

माथाडी म्हटलं की आज पुष्कळ कारखानदारांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला माहीत आहे. खोट्या संघटना काढून, वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या नावाखाली गाडी अडवून पैसे उकळणारे मी भिवंडीत आणि इतरत्र डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांना तुरुंगातच टाकलं पाहिजे. पण खंडणी चालते ती रोखीत आणि नोंदीच्या बाहेर. अॅपवरच्या प्रत्येक ऑर्डरची नोंद आधीच असते, पैसे बँकेतून जातात. माथाडी मंडळाला जे वहीत करावं लागलं ते इथे एका रात्रीत होण्यासारखं आहे. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अॅप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधी द्यावा अशी तरतूद आहे. राजस्थाननं २०२३ मध्ये, कर्नाटकनं २०२५ मध्ये स्वतःचे कायदे केले, मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क हा माथाडीचाच साचा घेऊन. कल्पना आपली, आणि आपण त्यांच्या मागे. हे लाजिरवाणं आहे.

थांबण्याला भाव लावला की महागाई होईल, असा आक्षेप येणारच. मला तो पटत नाही. टेम्पोवाला मूर्ख नसतो. दिवसाला तीन खेपा व्हायच्या त्या दोनच होतात हे जाणून तो भाडं आधीच चढवतो. म्हणजे अर्ध्या तासात माल उतरवून घेणारा घाटकोपरचा दुकानदार, पाच तास लावणाऱ्या दुसऱ्या कुणाचं थांबणं आजही भरतो आहे. बिल योग्य पत्त्यावर जावं, इतकीच माझी मागणी आहे.

राज्य सरकारनं मालवाहतुकीच्या कराराचा एक साधा नमुना करावा. गाडी दारात लागल्यापासून दोन तास मोफत, पुढे तासाला ठरलेला दर, तो माल अडवणाऱ्यानं द्यायचा, आणि वेळ धरायची ती गाडीच्या जीपीएसची, फाटकावरच्या वहीची नाही. डिलिव्हरी कामगारांसाठी मंडळाचा कायदा करावा आणि फाटकावरची मिनिटं मोबदल्यात धरावीत. महापालिकेच्या विकास नियमावलीत दुकानं, कार्यालयं आणि कारखान्यांना मालवाहू गाडीसाठी जागा राखायला सांगितलं आहे. माल आता राहत्या टॉवरच्या दारात येतो, तेव्हा तो नियम तिथेही हवा. मोटारींसाठी तीन-तीन मजले बांधता, एका टेम्पोची जागा सापडत नाही?

जकात नाक्यांच्या जमिनीबद्दल थोडं हट्टानं बोलते. दहिसर आणि मानखुर्दला त्या जागी बसतळ, कार्यालयं, हॉटेल अशी संकुलं आखली आहेत. बसतळ हवंच. पण ज्या जागेवर ट्रकवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रात्री काढल्या, तिथे त्यांना उभं राहायला, अंघोळीला, झोपायला एक कोपरा मिळत नसेल तर ते नियोजन कुणासाठी? भिवंडीच्या गोदामांत बायकांसाठी शौचालय नसायचं, म्हणून मी कामाच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचं टाळत असे. मी संध्याकाळी मुलुंडला घरी यायची. ट्रकवाल्याला ती सोय नाही.

सरकारचं व्हायचं तेव्हा होईल. अंधेरीच्या गाळेवाल्यांना, भिवंडीच्या गोदाममालकांना आणि माझ्याच सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र उद्यापासून एक काम करता येईल. गाडी दारात किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली, या दोन वेळा मालाच्या चलानवर लिहा, चालकाची सही घ्या, आणि महिनाअखेरीस ती बेरीज आपल्या हिशेबनिसाला करायला सांगा. कागदावर तेवढी जागा असते.